आग व्हायलीय, दुखत न्हाई

वॉर्डात माझं नाव ‘तिखट सिस्टर’ होतं, हे मला रिटायर होण्याच्या दिवशी कळलं. निरोपाच्या कार्यक्रमात आमच्या एका मावशीने भाबडेपणाने माईकवर सांगून टाकलं आणि सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटलं. एवढी वर्षं सिस्टर म्हणून काढायची आणि एकालाही तिखट लागायचं नाही, म्हणजे मग नोकरी केली की नुसती हजेरी लावली?

तर मी वाघमारे सिस्टर. परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात जन्म काढला. कुठल्या ते लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते माझ्या हातून झालं, त्यासाठी इमारतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘गमतीदार अनुभव चालतील’ असं कळवलं होतं. एक गमतीदार आहे, तो आधी देऊन टाकते.

दवाखान्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. नातेवाईक ‘ती बिमारी’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘गाठ’ म्हणतात. आम्ही सिस्टर लोक ‘सीए’ म्हणतो. केसपेपरवर डॉक्टर तसंच लिहितात, म्हणून आमच्या तोंडातही तेच. एकदा मी ड्यूटी सोपवताना नव्या सिस्टरला सांगितलं, “सहा नंबरचे काका सीए आहेत, नीट लक्ष ठेव.” सात नंबरवर हर्नियाचं ऑपरेशन झालेले सेलूचे एक आडते होते. त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी बघते तर हे गृहस्थ टाके सांभाळत सहा नंबरच्या स्टुलावर बसलेले आणि विचारतायत, “साहेब, आमच्या पोराला बी सीए करायचंय. क्लास परभणीत लावावा का पुण्याला धाडावं?” सहा नंबरच्या काकांना घशाचा कॅन्सर. बोलता येत नव्हतं. त्यांनी हाताने खूण केली, ‘पुण्याला धाडा.’ मग आडते गेल्यावर पाटीवर लिहून मला दाखवलं, “सिस्टर, मी दहावी नापास आहे. पण मला सीए आहे, हे आज कळलं.” घरच्यांनी त्यांच्यापासून चार महिने लपवलं होतं.

आम्ही तेव्हा खूप हसलो. आता मात्र सांगताना मला हसू पुरत नाही.

माझं माहेर वालूरचं. आमच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली मुलगी. वडील शाळेत शिपाई होते आणि अक्षर मोत्यासारखं पाहिजे हा त्यांचा हट्ट. ते अक्षर मला पुढे कामाला आलं. नर्सिंगच्या शाळेत गेले तेव्हा माझ्या तोंडात सगळं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ आणि ‘कामून’. शहरातल्या मुली खिदळायच्या. मी इरेला पेटले. दोन वर्षांत असं काही बोलायला लागले की सुट्टीत घरी गेल्यावर आईच म्हणाली, “काय गं, रेडिओवाणी बोलायलीस.” मला ती शाबासकी वाटली. पुढे नोकरीत रुग्ण गावाकडचं बोलायचे आणि मी त्यांना पुस्तकातल्या मराठीत उत्तरं द्यायची. सिस्टरचा आब राहतो, असं माझं मत होतं.

आता ज्यांनी वॉर्ड आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं आमच्या कामाबद्दल. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला असतो. ताप, नाडी, श्वास, बीपी. तापाला थर्मामीटर आहे, नाडीला आपली बोटं आहेत, बीपीला पट्टा आहे. शेवटचा रकाना वेदनेचा. त्याला यंत्र नाही. तिथे विचारावंच लागतं. मी प्रत्येक राउंडला विचारायची, “दुखतंय का?” ‘हो’ म्हणाले की ‘आहे’, ‘नाही’ म्हणाले की ‘नाही’, आणि पुढची खाट. डॉक्टर वेदनेच्या इंजेक्शनपुढे बहुतेक वेळा ‘एसओएस’ लिहितात. म्हणजे गरज पडली तरच द्यायचं. गरज पडली की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते दिवसातून एकदा येतात. ते ठरवते सिस्टर, त्या शेवटच्या रकान्यावरून.

माझे तक्ते बघण्यासारखे असायचे. एक खाडाखोड नाही. डॉक्टर रुग्णाकडे न बघता आधी माझ्या तक्त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “वाघमारे सिस्टरने लिहिलंय ना, मग झालं.” या वाक्यावर मी किती वर्षं जगले असेन.

गयाबाई आली ती मे महिन्यात. पन्नाशीची बाई, येलदरीची. नवरा धरणात मासे धरायचा. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. मोठ्या दवाखान्यातून ‘आता घरी न्या’ म्हणून परत पाठवली होती. उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं म्हणून आमच्याकडे सलाईनसाठी आणली. नऊ नंबरची खाट दिली, पश्चिमेच्या भिंतीला. परभणीकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला ती भिंत म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी तीननंतर हात टेकवत नव्हता.

मी पहिल्या दिवशी विचारलं, “दुखतंय का, गयाबाई?”

“न्हाई बाई, दुखत न्हाई. आग व्हायलीय.”

“कुठे?”

तिने चादरीआडून कमरेखाली हात फिरवल्यासारखं केलं. “हितून. समदं खाली.” शेजारच्या खाटेपाशी दोन पुरुष उभे होते, म्हणून आवाज बारीक.

मला वाटलं मला समजलं. या आजारात लघवीची आग होतेच. आपल्याकडे त्याला उन्हाळी लागली म्हणतात, लहान पोरालाही ठाऊक असतं. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लघवीचं गोड औषध लिहून दिलं. नवऱ्याला मी बजावलं, पाणी भरपूर पाजा, सब्जा भिजवून द्या, धन्याचं पाणी द्या, चहा बंद. आणि तक्त्यावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, वेदना नाही.

गयाबाई अकरा दिवस होती. रोज मी तेच विचारलं आणि रोज तिने तेच उत्तर दिलं. दुखत न्हाई, आग व्हायलीय. एकदा म्हणाली, “मांडीत इंगळ भरल्यावाणी झालंय, बाई.” इंगळ म्हणजे निखारे. मी तेव्हा सलाईनची सुई लावत होते, घामाने डोळ्यांत खारं पाणी उतरलं होतं. मी म्हणाले, “मे महिना आहे गयाबाई. मलासुद्धा आग होतेय. सगळ्या परभणीला आग होतेय.” आजूबाजूच्या खाटांवरचे हसले. तीही जरासं हसली, कारण सिस्टर काही बोलली की हसायचं असतं.

आता आठवतं ते असं. ती डाव्या कुशीवर कधीच वळायची नाही. नेसलेलं पातळ मांडीला लागू नये म्हणून दोन बोटांनी वर उचलून धरायची, तासन्‌तास. मी तिला रागवायची, “पातळ खाली घ्या, वॉर्डात पुरुष येतात-जातात.” ती घ्यायची आणि दात आवळायची. दात आवळलेले मी पाहिले होते. मला वाटलं, रागावली.

तिचा नवरा मारोतीमामा. गळ्यात रुमाल, पायात स्लीपर, कमी बोलणारा माणूस. ड्यूटी बदलायच्या वेळी दाराशी येऊन उभा राहायचा आणि एकच विचारायचा, “सिस्टरबाई, हिला दुखायलंय का?”

“नाही मामा. मी स्वतः विचारलंय. दुखत नाही, उष्णता आहे. पाणी पाजा.”

“जी,” म्हणायचा आणि तांब्या भरायला जायचा. डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं वेदनेचं इंजेक्शन कपाटात होतं. एकदाही दिलं नाही. द्यायची गरज पडली असं माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. बाराव्या दिवशी सुट्टी झाली, तेव्हा सुट्टीच्या कागदावरही तक्त्यावरून उतरवून घेतलं गेलं की वेदना नाहीत. त्यामुळे घरी न्यायला वेदनेची एक गोळीसुद्धा मिळाली नाही. लघवीच्या औषधाची बाटली तेवढी मिळाली. पोळ्याच्या आधी ती गेल्याचं त्या बाजूच्या एका पेशंटकडून कानावर आलं. वाईट वाटलं. पण सुटली बिचारी, असंच म्हणाले असेन. आम्ही असंच म्हणतो.

यानंतर दोनेक वर्षांनी परभणीला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. पॅलिएटिव्ह केअर. फलकावर मराठीत ‘उपशामक सेवा’ लिहिलं होतं आणि बाहेर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “हितं उपाशी ठिवतेत का?” आजार बरा होवो न होवो, त्रास कमी करायची ती सेवा, हे मला तरी कुठे धड माहीत होतं? आम्ही सगळ्या गेलो ते मुख्यतः तीन दिवस खुर्चीवर बसायला मिळेल म्हणून. जेवण चांगलं होतं, पहिल्या दिवशी तर पुरणपोळी होती.

शिकवायला एक नर्सच आली होती. बुटकीशी, माझ्या मुलीच्या वयाची. तिने आधी एक प्रश्नपत्रिका वाटली. मी ताठ मानेने सोडवली आणि वीसपैकी सात मार्क मिळाले. ‘पॅलिएटिव्ह केअर कधी सुरू करावी?’ मी लिहिलं होतं, ‘शेवटच्या दिवसांत.’ चूक. आजार कळतो त्या दिवसापासून. ‘मॉर्फिनमुळे रुग्णाला व्यसन लागते का?’ मी लिहिलं, ‘होय.’ चूक. वेदनेसाठी नीट मापात दिलं तर ही भीती फार थोडी असते, पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध सोबत द्यावं लागतं. शेजारच्या सिस्टरला नऊ पडले, त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खडू आमच्यापुढे धरला आणि म्हणाली, “तुमच्या गावाकडे वेदनेला काय काय म्हणतात? एकेकीने येऊन लिहा.” आम्हाला मजा वाटली. ठणका, कळ, चमक, सणक, शिणका, रग, ओढ, टोचणी, भगभग. गंगाखेडच्या एका सिस्टरने लिहिलं, ‘कुत्रं चावल्यावानी’. सगळ्या हसल्या. पाथरीच्या सिस्टरने लिहिलं, ‘मुंग्या’. कुणीतरी लिहिलं, ‘इंगळ’. कुणीतरी, ‘आग’.

फळा भरला. मग ती मुलगी शांतपणे गेली आणि तीन-चार शब्दांभोवती गोल काढले. चमक. मुंग्या. इंगळ. आग. म्हणाली, “ही नसांची वेदना. गाठ नस दाबते किंवा पोखरते तेव्हा होते. ही फार वाईट असते, कपडासुद्धा लागू देत नाही. नेहमीच्या गोळीने ती पुरती जात नाही, वेगळी औषधं जोडावी लागतात. आणि यातली खरी अडचण कोणती माहीत आहे? या माणसांना ‘दुखतंय का’ विचारलं तर ते ‘नाही’ म्हणतात. खोटं नाही बोलत. त्यांना दुखत नसतंच. दुखणं म्हणजे डोकं दुखतं, गुडघा दुखतो, बाळंतपणात पोट दुखतं ते. हे त्यांच्या भाषेत दुखणं नव्हे.”

मला ते दोन बोटांनी उचलून धरलेलं पातळ दिसलं.

बरं, मी काही पुण्या-मुंबईकडून आलेली नव्हते. मी वालूरची. माझी आई पाठीच्या मणक्याने अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज म्हणायची, “पायाची आग आग व्हायलीय गं.” तेव्हा तिला उन्हाळी लागली असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. आम्ही पाय दाबायला जायचो आणि ती हात झटकायची. म्हणजे हा शब्द मला येत होता. मीच तो खरवडून टाकला होता, दोन वर्षं मेहनत घेऊन, आणि त्याचं मला कौतुक होतं. त्या दुपारी जेवणात गुलाबजाम होते. मी ताट तसंच ठेवलं.

परत आल्यावर मी बदलले, असं म्हणता येईल. वॉर्डात मी नवा कायदा काढला. ‘दुखतंय का’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी विचारायचं, झोप कोणत्या कुशीवर लागते? काय करायला जमेना? अंगाला काय काय होतंय? आणि रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, शुद्ध करायचं नाही. इंगळ म्हणाला तर इंगळ. माझ्या तोंडून ‘शुद्ध करायचं नाही’ ऐकून हाताखालच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

शहरात वेदना शून्य ते दहात मोजतात. आमच्याकडे एका म्हाताऱ्या देशमुखांना मी विचारलं, “दहापैकी किती?” ते म्हणाले, “पोरी, मी काय शाळंत हाय?” यांना जबड्याचा कॅन्सर होता आणि ‘दुखतंय का’ विचारलं की ‘छ्या!’ एवढंच उत्तर. पुरुषाला, त्यातून देशमुखाला, दुखून कसं चालेल? मग मी आण्यांत विचारलं. “काका, सोळा आण्यांचा रुपया धरला तर किती आणे तकलीफ आहे?” त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, “चवदा आणे.” मॉर्फिन तोपर्यंत आमच्याकडे मिळायला लागलं होतं. डॉक्टरांना सांगून सुरू केलं, चार-चार तासांनी गोळी. तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलावून घेतलं. “सिस्टर, चार आण्यांवर आलं बगा. येवढं राहू द्या, न्हाई तर मला वाटंल मी मेलो.” त्यांनी त्या दिवशी वरण-भात कालवून खाल्ला आणि सुनेला मीठ कमी पडल्याबद्दल झापलं. सून पदर तोंडाला लावून बाहेर आली. मला वाटलं रडतेय, तर हसत होती.

अशा पाच-सहा गोष्टी सांगता येतील. पण फुशारकी मारण्यासारखं काही झालं नाही. अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर असते तेव्हा ती कोणापाशी बसून ‘अंगाला काय काय होतंय’ विचारणार? पोरी माझ्यासमोर विचारायच्या, माझी पाठ वळली की पुन्हा ‘दुखतंय का, नाही, पुढे’. एक जण तोंडावर म्हणाली, “मॅडम, तुम्ही इतकी वर्षं असंच केलं ना? तेव्हा कोण मेलं?” मी तिखट सिस्टर, पण नुसता तिच्या हातातला तक्ता घेतला आणि पुढच्या खाटेपाशी स्वतः गेले. शब्दांची एक यादी करून मी टेबलामागच्या भिंतीला चिकटवली होती. तपासणी येणार म्हणून ती काढायला लावली, भिंत खराब दिसते म्हणून. मग मी ती औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावली. रिटायर झाले तेव्हा होती. आता असेल की नाही, सांगता येत नाही.

आणि देशमुखकाका काय, ते माझ्या शहाणपणानंतर आले. माझ्या शहाणपणाच्या आधी किती आले असतील? नावं आठवत नाहीत. एक गयाबाई आठवते, कारण तिच्यावर मी विनोद केला होता.

ते मनातून जाईना. नोकरीत असताना मी स्वतःला सांगायची, वेळ नाही. रिटायर झाल्यावर ते निमित्तही गेलं. पत्ता मला पाठ होता, प्रशिक्षणावरून आल्याच्या आठवड्यातच जुन्या रजिस्टरमध्ये शोधून काढला होता. माझ्या मुलीचं म्हणणं होतं, “आई, आता कशाला? त्यांनी तुला काही म्हटलंय का?” तिला कसं सांगू? कुणी काही म्हटलं नव्हतं, तेच तर होतं. चूक झाली ती झाली, निदान ज्याच्या बाबतीत झाली त्याच्यापुढे कबूल करावी, असं माझ्या मनाने घेतलं. आपल्याकडून खोटं लिहिलं गेलं, ते आपणच खोडावं. मागच्या हिवाळ्यात एक दिवस उठले, जिंतूरची एसटी पकडली आणि तिथून येलदरीला गेले.

मारोतीमामा ओट्यावर उन्हात बसून जाळं सांधत होते. वय झालेलं, दाढी पांढरी. मी ‘मामा’ म्हणाले, तर वर बघायच्या आधी आवाजावरूनच ओळखलं.

“आवं, सिस्टरबाई! तुमी? हिकडं कसं काय? या, या, बसा. सूनबाई, च्या टाक. ह्या त्या दवाखान्यातल्या बाई, मी सांगत असतो न्हाई का.”

सून आली, माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कसंबसं विचारलं, “शेवटी त्यांना फार त्रास झाला का?”

“न्हाई, न्हाई,” मामा म्हणाले. “तुमी सांगितलं तसं समदं केलं बगा. एक गोष्ट चुकू देली न्हाई. सब्जा, धन्याचं पाणी, ताक. च्या बंद म्हणलाव तर मी बी सोडला तिच्यासंगं. तरी आग आग करायची. मंग मी काय करायचो, दिवस कलला की उचलून धरणाकाठी न्यायचो आन् कमरीएवढ्या पाण्यात बसवायचो. मागून धरून मी बी बसायचो पाण्यात. लय हलकी झाली व्हती, लेकरावाणी.” ते अभिमानाने सांगत होते. “दुखत न्हवतं, तेवढं तर बरं झालं. समद्यायला मी तेच सांगतो. गया सुखानं गेली. सिस्टर सोता म्हणाल्या, दुखत न्हाई.”

चहा आला. त्या क्षणी मी उठून आले असते तर बरं झालं असतं. पण सांगायला म्हणून इतक्या लांब आले होते. आणि खरं ते सांगावं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी सांगितलं. उष्णता नव्हती, मामा. नस दाबली गेली होती, तिची आग होती. तेच तिचं दुखणं होतं, मला ओळखू आलं नाही. मी चुकीचं लिहिलं. माझं चुकलं. सगळं सांगितलं, पुस्तकातल्या मराठीत, आणि मग लक्षात आलं म्हणून पुन्हा गावाकडच्या भाषेत सांगितलं, म्हणजे त्यांना नीट समजेल.

त्यांना पहिल्या वेळीच समजलं होतं. हातातली जाळ्याची सुई त्यांनी खाली ठेवली.

“मंग ती खरं बोलायली व्हती,” ते म्हणाले.

“हो, मामा.”

“त्याच्यावर दवा व्हती?”

“होती.”

सून दारात उभी होती ती आत गेली. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, पण माझ्याकडे न बघता.

“एक दिस मला राग आला, बाई. पाण्यात बसवलेली, तरी वरडायली. चार लोकं बगायलेत. म्हणलं, येवढं धरण हाय, यात हत्ती बी गार व्हईल, आन् तुजीच आग कशी इझना? सिस्टर म्हणतेत दुखत न्हाई. तू सोंग करायलीस. असं म्हणलो मी तिला. त्याच्या उपरांत ती बोललीच न्हाई. मरंपस्तोर आग म्हणली न्हाई. दीड महिना. मला वाटलं, आग गेली.”

मी त्यांचे हात धरायला पुढे झाले. त्यांनी ते ओढून घेतले नाहीत, पण माझ्या हातात दिलेही नाहीत. मी म्हणाले, “मामा, तुमचा काही दोष नाही. दोष माझा आहे. तेच सांगायला आले मी.”

त्यांनी मान हलवली. मग पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही. खरोखरच माहीत नसलेली गोष्ट एखाद्या जाणत्या माणसाला विचारावी तसं विचारलं.

“तुमी हितवर आलाव, मला सांगितलं. बरं केलं. आता मी कोणाला जाऊन सांगू, बाई?”